गाळपाच्या दिवसांत गोठ्याकडेही बघा

सभासद बंधु-भगिनींनो,



या पानावर मी आपणाशी नेहमी लागण, बेणे, खत आणि खोडवा यांविषयी बोलतो. आज म्हशीविषयी लिहीत आहे म्हणून काही मंडळी हसतील. "ऊसवाल्या साहेबांनी आता जनावरांचा दवाखाना काढला," असेही कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी पशुवैद्य नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. परंतु उसाच्या नोंदीसाठी बांधावर गेलो की चहाला घरी बोलावणे होते आणि चहाबरोबर गोठ्यातले गाऱ्हाणेही पुढे येते. "साहेब, म्हैस व्यायला आठ महिने झाले, अजून माजावर नाही." "तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली." आणि शेवटचे वाक्य ठरलेले, "आता बाजार दाखवतो."

याबाबत माझे मत स्पष्ट आहे. यातील बहुतेक म्हशी वांझ नसतात. आपला गाळपाचा हंगाम आणि म्हशीचा माजाचा हंगाम एकाच वेळी येतो आणि नेमके त्याच चार महिन्यांत आपले गोठ्याकडे सर्वांत कमी लक्ष असते. तेवढ्यात ती संधी निघून जाते, वर्ष वाया जाते आणि दोष मात्र म्हशीच्या पदरी पडतो.

ही गोष्ट मला आपल्या भागात कळली नाही, आगाशीला कळली. आगाशी हे पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यातले, विरारहून अर्नाळ्याकडे जाताना लागणारे गाव. राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे माझी बहीण दिलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वसईच्या बागायती उसाचा उल्लेख आहे, त्यामुळे उसाच्या माणसाला त्या मातीविषयी आपुलकी वाटणारच. आज तेथे ऊस औषधाला दिसत नाही. केळी, फुले, भाजी आणि पाने यांच्या वाड्या आहेत, आणि त्या वाड्यांनाही आता इमारतींनी वेढले आहे.

ताईच्या सासूबाईंकडे एकच म्हैस आहे. सहाव्या वेताची. भाताचा पेंढा, वाडीतले गवत आणि थोडी पेंड एवढाच तिचा खुराक. गोठ्याच्या कुडाला एक कालनिर्णय टांगलेले. त्यावर म्हैस व्यायली तो दिवस, माज दिसला तो दिवस, भरवली तो दिवस अशा पेन्सिलीच्या खुणा, आणि भरवल्यापासून एकविसाव्या दिवसाला गोल. मी विचारले, "माई, एवढे कशाला लिहिता?" त्या म्हणाल्या, "भाऊ, ती काही बोलायची नाही. आपणच लिहून ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यातला एक तबेला पाहिला. तेथे कालनिर्णय नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. मालक मोकळेपणाने म्हणाला, "जागेचं भाडं, चारा विकतचा. आटलेली म्हैस गाभण राहून परत व्यायची वाट बघणं आम्हाला परवडत नाही. आटली की काढायची, ताजी व्यायलेली आणायची." मुंबईच्या तबेल्यांची ही रीत फार जुनी आहे. दूरदूरच्या मुलखातून चांगल्या दुधाच्या म्हशी आणायच्या, एक वेत पिळायचे आणि खाटकाकडे पाठवायचे. देशातल्या उत्तम म्हशी या रीतीने संपत गेल्या. शहरातल्या म्हशींना बाहेर मोकळी जागा मिळावी म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली आणि पुढे डहाणू तालुक्यात दापचरीचा प्रकल्प झाला. तरीही एका वेताचा व्यवहार पूर्णपणे थांबला नाही. म्हैस शहरात आली की ती दुधाचे यंत्र होते आणि यंत्राला कुणी गाभण राहू देत नाही.

परतीच्या गाडीत एकच विचार मनात घोळत होता. तबेलेवाल्याला जागा नाही, चारा नाही. त्याची अडचण खरी आहे. आपल्याला काय अडचण आहे? आपल्याकडे रान आहे, पाणी आहे, घरची माणसे आहेत. तरीही सात-आठ महिने वाट पाहून आपणही म्हैस बाजारात नेतो आणि कर्ज काढून ताजी व्यायलेली आणतो. म्हणजे तबेल्याची सबब नसताना आपण तबेल्याचाच व्यवहार करतो.

आता हंगामाचा हिशेब बघा. म्हैस १० महिने १० दिवस, म्हणजे सुमारे ३१० दिवस गाभण असते. व्यायल्यावर गर्भाशय मूळ आकाराला येण्यास महिना ते दीड महिना लागतो. प्रकृती चांगली असेल तर दीड-दोन महिन्यांत माज येतो आणि ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान ती भरवावी. म्हशीचा माज पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत, साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी, जोरात असतो. काळे अंग आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे उन्हाळा तिला सोसत नाही. मार्चनंतर माज मुका होतो किंवा थांबतो.

समजा, एक म्हैस ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्यायली. जानेवारीच्या सुरुवातीला ती गाभण राहिली तर पुढल्या नोव्हेंबरात पुन्हा वितेल. दोन वेतांतील अंतर १३ महिने. फेब्रुवारीपर्यंत ती चुकली, उन्हाळा तसाच गेला आणि पुढच्या सप्टेंबरात भरली, तर ती वितेल त्यापुढच्या वर्षाच्या जुलैत. अंतर २१ महिने. मधले आठ महिने म्हणजे २४० दिवस. भाकड जनावराचा चारा, पेंड आणि देखभाल मिळून रोज १५० रुपये धरले तर ३६,००० रुपये नुसते उभे राहण्याचे. दूध बुडाले ते वेगळे आणि पारडू लांबले ते वेगळे. आपले ऊस बिल वर्षातून दोन-तीनदा हाती येते, दुधाचे बिल दहा दिवसांनी येते. मुलांची फी, किराणा, दवाखाना हे सगळे त्या दहा दिवसांच्या पैशांवर चालते आणि तो पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातात असतो. म्हैस चुकली की पहिला चटका तिला बसतो.

आता गाळपाच्या दिवसांत गोठ्यात काय घडते ते सांगतो. यात थोडी चूक माझीही आहे.

पहिली गोष्ट वाढ्यांची. तोड सुरू झाली की वाढ्यांचा पूर येतो. कुणाला घरच्या फडातून मिळतात, कुणी टोळीकडून स्वस्तात घेतो. मग कडबा गंजीत राहतो, घासाची कापणी लांबते आणि म्हशीच्या पुढ्यात सकाळ-संध्याकाळ नुसते वाढे पडतात. मी स्वतः गटाच्या सभेत सांगितलेले आहे, की हंगामात वाढे आहेत, चाऱ्याची चिंता नको. ते अर्धवट सांगणे होते. वाढ्यांनी पोट भरते, पण त्यांत प्रथिने फार थोडी आणि ऑक्झॅलेट जास्त. हे ऑक्झॅलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते, ते अंगी लागू देत नाही. ताजी व्यायलेली म्हैस आधीच दुधावाटे अंगातले झिजवत असते. त्यात असा चारा मिळाला की शरीर दूध देते, पण गर्भाचा विचार पुढे ढकलते. बीजकोष सुस्त पडतो आणि माज येत नाही. खोडव्याला खत न घालता फुटव्यांची अपेक्षा करण्यासारखेच हे आहे.

वाढे टाकून द्या असे मी म्हणत नाही. कुट्टी करून घाला, निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका आणि उरलेला भाग कडबा, लसूणघास किंवा मका यांनी भरून काढा. दुधाच्या मानाने पेंड द्या. रोज ५० ग्रॅम चांगले क्षार मिश्रण आंबोणात मिसळा. चुन्याची निवळी वाढ्यांवर शिंपडण्याचीही पद्धत आहे, तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. जंताचे औषध वेळेवर द्या. ज्या म्हशीच्या फासळ्या दुरून मोजता येतात तिला माजाचे इंजेक्शन देणे म्हणजे कोरड्या रानात युरिया फेकणे.

दुसरी गोष्ट नजरेची. म्हैस गाईसारखा माज दाखवत नाही. इतर जनावरांवर उडणे क्वचितच असते, सोटही सहज दिसत नाही, बसल्यावर थोडा जमिनीवर पडतो. वारंवार थोडे थोडे मुतणे, रेकणे, दूध चोरणे, वैरण कमी खाणे, योनी सुजल्यासारखी दिसणे एवढ्याच खुणा, आणि त्याही बहुतेक रात्री किंवा पहाटे. नेमके त्या वेळी आपण कुठे असतो? कुणी उसाला पाणी देण्यासाठी वीज येण्याची वाट पाहत, कुणी तोड कधी येते म्हणून चिटबॉयच्या मागे, कुणी फडात ट्रॉली भरून घेत. म्हैस रात्री माजावर येते, सकाळी धार काढताना "आज दूध का कमी?" एवढीच चौकशी होते आणि पुढचे २१ दिवस गेले. म्हणून हंगामात घरातील एका माणसाने पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात पंधरा मिनिटे उभे राहण्याचा नेम करावा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या बाएफने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली, आज सरकारी दवाखाने आणि दूध संघही ती देतात. सेवा दारात आहे. निरोप वेळेवर धाडणे आपल्या हाती आहे.

तिसरी गोष्ट उपचाराची. यात आपली घाई नडते. म्हैस माजावर येत नाही, या एका तक्रारीमागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात. माज येतो पण आपल्याला दिसत नाही, हे एक. बीजकोषच निद्रिस्त आहे, हे दुसरे. गर्भाशयात पू किंवा दाह आहे, हे तिसरे. आणि चौथे, ती आधीच गाभण आहे. चारही म्हशी बाहेरून सारख्याच दिसतात. हात घालून तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग इंजेक्शन देणाऱ्या वाटसरूला कसे सांगता येणार?

माझ्या घरी हेच झाले. म्हैस माजावर येत नाही म्हणून मीच घाई केली. तपासणी न करता एकाकडून माजाचे इंजेक्शन देवविले. चार दिवसांत म्हैस गाभडली. दोन-अडीच महिन्यांचे होते. चरायला सोडली असताना रेड्याने ती कधी भरली हे आम्हाला कळलेच नव्हते. प्रोस्टाग्लँडिन या जातीचे औषध पीतपिंड विरघळवते आणि गर्भ असेल तर तोही पाडते. औषधात खोट नव्हती. ज्याने दिले त्याच्यापेक्षा ज्याने मागितले त्याची चूक मोठी, आणि मागणारा मी होतो. म्हणून पुन्हा सांगतो, गर्भतपासणी केल्याशिवाय असले इंजेक्शन टोचू देऊ नका. घरातील गरोदर बाईने तर या औषधाची बाटलीसुद्धा हाताळू नये.

रीतसर उपचारांनी गुण येतो. व्यायल्यावर ६० दिवसांत माज दिसला नाही तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आठ महिने थांबू नये. बीजकोष काम करीत असेल आणि माज मुका असेल तर संप्रेरकांचा क्रम देतात. पहिल्या इंजेक्शननंतर सातव्या दिवशी दुसरे, नवव्या दिवशी तिसरे, आणि दहाव्या दिवशी माज दिसो न दिसो, ठरल्या वेळी रेतन. बीजकोष अगदी निद्रिस्त असेल तर प्रोजेस्टेरॉनचे साधन काही दिवस योनीमार्गात ठेवून काढतात. सोट गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर आधी गर्भाशयाचा उपचार, मग रेतन. नियमित माजावर येऊनही तीन वेळा उलटली तर रेतनाची वेळ, रेत किंवा रेडा आणि लपलेला दाह या तिन्हींचा तपास करावा. या सर्वांच्या आधी खुराक हवा. अंगात काही नसलेल्या म्हशीवर यातला कोणताही उपाय भरवशाचा नाही.

बरीचशी दुखणी तर विण्याच्या दिवशीच सुरू होतात. वार अडकली की ओढून काढणे, तिला दगड किंवा चप्पल बांधणे, घाणेरड्या हाताने आत चाचपणे, हे प्रकार बंद झाले पाहिजेत. गर्भाशयाला इजा होते, पू होतो आणि त्याचे फळ तीन महिन्यांनी 'उलटते' या शब्दात दिसते. जागा कोरडी ठेवा, वार वेळेवर पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. शेवटच्या महिन्यांत म्हैस गाभडली तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्या, पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा. हा रोग माणसालाही होतो. त्याची लस चार ते आठ महिने वयाच्या पारड्यांना एकदाच देतात आणि २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती समाविष्ट आहे.

काही सभासद विचारतील, की कारखान्याचे काम ऊस गाळणे, म्हशी गाभण ठेवणे नव्हे. मला ते पटत नाही. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याबरोबर दूध संघही उभा केला तो सभासदाचे घर दोन पायांवर उभे राहावे म्हणूनच. शिवाय शेणखताशिवाय उसाचे रान टिकत नाही, हे मी आपणास दरवर्षी सांगतो. गोठा रिकामा झाला की शेणखत कोठून येणार?

म्हणून संचालक मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मोळी पडण्यापूर्वी, प्रत्येक गटात वंध्यत्व तपासणीचे एक शिबिर पशुसंवर्धन खात्याच्या मदतीने घ्यावे आणि डिसेंबरात त्याच म्हशींची फेरतपासणी करावी. नुसती इंजेक्शने टोचून फोटो काढण्याचे शिबिर नको. प्रत्येक म्हशीची नोंद हवी. उसाची लागण नोंद आपण तारखेनिशी ठेवतो, कारण तारखेवर तोड ठरते. म्हशीचीही तारीख ठेवली तर तिचेही वेत ठरेल. शेतकी विभागाच्या माणसांनी ऊस नोंदीला जाताना म्हशीच्या नोंदीची वही पाहावी, याची जबाबदारी मी घेण्यास तयार आहे.

सभासदांनी आपल्या परीने एवढे करावे. घरात कालनिर्णय असतेच, ते देवघरातून गोठ्यात न्यावे. व्यायल्याचा दिवस, माजाचा दिवस, भरवल्याचा दिवस आणि एकविसावा दिवस यांच्या खुणा घराच्या कारभारणीने कराव्यात. भरवल्यावर दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. आपल्या भागातल्या पंढरपुरी म्हशीचे नाव नियमित वेतासाठीच झालेले आहे. ती ख्याती रक्तात आहे, पण नुसत्या वाढ्यांवर टिकणारी नाही.

आणि एवढे सगळे करूनही एखादी म्हैस राहिली नाही, डॉक्टरांनीही हात टेकले, तर जरूर विका. त्यात पाप नाही. मात्र तपासणीशिवाय विकू नका. आगाशीच्या माईंची म्हैस सहाव्या वेताला उभी आहे, आणि आपली दुसऱ्या वेतालाच बाजारात का, याचा विचार या गाळपाच्या दिवसांत, पहाटे गोठ्यात कंदील किंवा मोबाईलचा उजेड पाडून, आपण प्रत्येकाने करावा.

कळावे. लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी